खानसाहेबांचे तिकीट : मराठी विज्ञानकथेचे संग्रह आणि आपण

डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या नाशिक जिल्ह्यात पुस्तकांचे दोन मोठे मांडव पडले. महिन्याच्या सुरुवातीला नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्याच महिन्यात मालेगावला उर्दू किताब मेळा भरला. दोन्ही गावांमध्ये एस.टी.चा दोन-अडीच तासांचा रस्ता. तरी एका मांडवातला वाचक दुसऱ्या मांडवात फारसा दिसला नाही. आम्ही एकलहऱ्यात राहणारे, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे आणि लिहायला मराठी धरलेले. दोन्हीकडे आमचे घरचेच कार्य होते.

नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. विज्ञानकथा लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. प्रकृतीच्या कारणाने ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. अध्यक्षांविना चाललेले ते संमेलन पाहताना त्यांच्याच 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेची आठवण होणे अपरिहार्य होते. त्या कथेतले प्राध्यापक गायतोंडे एका वेगळ्याच हिंदुस्थानात जाऊन पडतात. तिथे मुंबईच्या आझाद मैदानावर व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. रिकामी खुर्ची पाहून पंतांना राहवत नाही. तिथल्या लोकांनी मात्र अध्यक्ष ही वस्तूच हद्दपार केलेली असते. असो. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. त्यानंतर त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. आम्हाला विचारायचा आहे तो प्रश्न त्या लेखांत नव्हता. मराठीत विज्ञानकथेचे, अद्भुतकथेचे, 'असे झाले असते तर' या जातीच्या कथांचे जे संग्रह निघतात, त्या भविष्यात आपण कुठे आहोत?

हा प्रश्न जातीय हिशेबाचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कुणाच्या संग्रहात किती खान आणि किती शेख, अशी शिरगणती करायला आम्ही बसलेलो नाही. तशी शिरगणती करणारी समीक्षा आम्हाला कंटाळवाणी वाटते, मग ती आपल्या बाजूची का असेना.

मराठी विज्ञानकथेचा रस्ता कसा आखला गेला ते थोडक्यात पाहू. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने विज्ञानकथेच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली, आणि लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. नारळीकरांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. हस्ताक्षर ओळखीचे वाटू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू. पुढे १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी या कथेची दखल घेतली आणि विज्ञानकथेला साहित्याच्या ओसरीवर पाट मिळाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे ही नावे घराघरांत गेली. फोंडक्यांनी १९९३ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह सिद्ध केला. इतर भारतीय भाषांच्या पंक्तीत मराठी त्यात मानाने बसली.

हे सगळे आम्ही कौतुकानेच सांगतो. पण या रस्त्याला पहिल्यापासून एक वळण आहे. विज्ञानकथेने विज्ञानाचा प्रसार करावा, अंधश्रद्धा घालवाव्यात, वाचकाला शहाणे करावे, ही अपेक्षा तिच्या जन्मपत्रिकेत लिहिलेली आहे. तिला प्रबोधनाची शिकवणी लावून दिली. त्यामुळे अद्भुताची जी दुसरी नदी मराठीत वाहत होती, ती संग्रहाच्या बाहेर राहिली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी लाखो वाचकांनी वाचले. 'नवल'सारख्या मासिकाने अद्भुताला वर्षानुवर्षे घर दिले. तरी 'प्रातिनिधिक' हा शब्द छापायची वेळ आली की विज्ञान एका पंगतीला आणि भूत-जिन्नात दुसऱ्या. इंग्रजीत या सगळ्यांना मिळून एक छत्रीसारखा शब्द आहे. मराठीत तो नाही. आम्ही आपले तूर्त 'जर-तरची गोष्ट' म्हणतो. शाळेत मुलांना तेवढे पुरते.

आता पुन्हा गायतोंड्यांकडे येऊ, कारण ती कथा या साऱ्या प्रकाराचा मानदंड मानली जाते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या 'हॉर्नबिल' या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचे संक्षिप्त रूप आहे, म्हणजे मराठी न येणारी मुलेही ती वाचतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात लागत नाही, चाटून जाते. मराठे जिंकतात. पेशवे शास्त्र आणि तंत्राची केंद्रे काढतात, हळूहळू लोकशाही येते, ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरते. दिल्लीचा शहेनशाह टिकून राहतो, पण संसदेच्या शिफारशींवर शिक्का मारण्यापुरता. कथेतला एक मुसलमान हा.

दुसरा मुसलमान आगगाडीत भेटतो. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या जिजामाता एक्स्प्रेसमध्ये गंगाधरपंतांच्या शेजारी एक खानसाहेब बसलेले आहेत. व्यापारी माणूस, बोलका. ते मुंबईहून फ्रंटियर मेल धरणार आहेत. मुंबई, दिल्ली, लाहोर आणि मग पेशावर. परवा पोहोचतील. मग ते आपल्या धंद्याविषयी पुष्कळ बोलतात आणि पंत मन लावून ऐकतात, कारण या अनोळखी हिंदुस्थानाचा वास त्यांना त्या बोलण्यातून येतो. काय बोलतात, ते मात्र लेखक आपल्याला ऐकू देत नाही.

आम्ही ही कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा पानिपताच्या विजयापाशी थांबलो नाही. थांबलो त्या तिकिटापाशी. मुंबईहून गाडीत बसायचे आणि लाहोरवरून पेशावरला उतरायचे, मध्ये सरहद्द नाही! कथेत 'सरहद' नावाचे एक स्थानक आहे खरे, पण ती सरहद्द ब्रिटिश मुंबईची. परवाने तपासतात ते तिथे. म्हणजे त्या जगात १९४७ ची फाळणी झालेलीच नाही. आपल्या जगातली फ्रंटियर मेल १९२८ पासून मुंबई-पेशावर धावत होती. फाळणीनंतर ती अमृतसरला थबकली आणि १९९६ मध्ये तिचे नावही बदलून गोल्डन टेंपल मेल झाले. फाळणीशिवायचा हिंदुस्थान ही त्या कथेतली सगळ्यात मोठी, छाती दडपवणारी कल्पना आहे. ती लेखकाने एका प्रवाशाच्या तोंडी, वेळापत्रक सांगावे तशी सांगून टाकली आणि कथा पुढे गेली.

कथा प्राध्यापकाची आहे, खानसाहेबांची नाही, हे आम्हाला कळते. पाच-सात हजार शब्दांच्या कथेकडून सगळ्याच गोष्टींची वसुली करू नये. नारळीकरांची मांडणी नेटकी आहे आणि त्यांच्या मनात कुणाविषयी आकस नाही, हे कथेच्या प्रत्येक ओळीत दिसते. आमचे म्हणणे वेगळे आहे. इतिहासाचा सांधा कुठे बदलायचा, हे लेखक ठरवतो आणि त्या निवडीत त्याचे घर दिसते. त्यांनी विश्वासरावांची गोळी निवडली. त्याच रणांगणावर मराठ्यांचा तोफखाना इब्राहिमखान गारदी सांभाळत होता. जखमी होऊन तो पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. समोर त्याच्या धर्माचे सैन्य होते आणि तो मराठ्यांच्या पगारावर, मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत उभा राहिला. गारदी जिवंत राहता तर? त्याच्या पलटणीचे वंशज त्या नव्या हिंदुस्थानात कोण झाले असते? पेशव्यांच्या तंत्रशाळेत पहिला तोफशास्त्रज्ञ कोण असता? हा सांधाही तिथे पडलेला होता. तो उचलायचे काम नारळीकरांचे नव्हते, ते आपले होते. आपण ते केले का?

नाही केले. आणि याचे कारण नुसत्या बाहेरच्यांच्या माथी मारता येत नाही, हे या अंकाच्या वाचकाला आम्ही सांगायला नको. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण एक काम निष्ठेने केले. आपण साक्ष दिली. दंगल, तलाक, मोहल्ला, भाड्याची खोली, नाव ऐकून नाकारलेली खोली, हे सगळे आपण लिहिले आणि ते लिहायलाच हवे होते. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये कोकणातले एक गाव जसे जळताना दाखवले, तसे दाखवायला धैर्य लागते. ती परंपरा कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण हळूहळू असे झाले की आपल्याकडून साक्षच मागितली जाते. कल्पना कुणी मागत नाही. कोर्टात साक्षीदाराला जसे दटावतात की पाहिले तेवढेच सांगा, वाटले ते सांगू नका, तसे काहीसे.

याचा एक दाखला आमच्याच पदरात पडला. काही वर्षांपूर्वी एका लहान प्रकाशनाने विज्ञान-अद्भुत कथांचे दोन प्रातिनिधिक संग्रह काढायचे योजले. माणसे तळमळीची होती. पदरचे पैसे घालून, रात्री मुद्रिते तपासून पुस्तके काढणारी. त्यांचे पत्र आले की सर्व समाजघटकांचा सहभाग हवा आहे, तरी आपल्या समाजातील एखादा प्रश्न, शक्यतो स्त्रियांचा, भविष्यकाळात नेऊन लिहिलेली कथा मिळवून द्यावी. आम्ही त्यांना मालेगावच्या एका तरुणाची उर्दू कथा मराठी करून पाठवली. यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक कामगार, त्याच्या मागावर उतरणाऱ्या कापडात उद्याचा दिवस विणलेला दिसतो. पहिल्या रात्री तो फक्त एवढेच पाहतो की उद्या वीज जाणार आहे की नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आले : कथा चांगली आहे, पण यात मुस्लिम जीवन कुठे आहे?

या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. संपादकाचा हेतू वाईट नव्हता. त्याला सर्वसमावेशक व्हायचे होते. पण त्याच्या डोक्यात भविष्याचे आधीच वाटप झालेले होते. इतरांनी मंगळावर जायचे, आम्ही मंगळावरही तलाकचाच प्रश्न सोडवायचा! मागावरचा कामगार वीज जाईल का म्हणून धास्तावतो, हे मालेगावचे जीवन नाही तर कुणाचे? त्यात टोपी आणि अजान नव्हती, एवढेच. स्पर्धेत जगताप हे नाव घेऊन नारळीकरांना आपली कीर्ती लपवता आली. आपल्याकडच्या लेखकाला कीर्तीची अडचण नाही, नावाची आहे. नाव दिसले की त्याच्या कथेत काय असले पाहिजे ते आधीच ठरते. म्हणून नाव झाकून कथा निवडण्याची पद्धत आम्हाला या संग्रहांपेक्षा अधिक न्यायाची वाटते.

बरे, आपल्या घरातही या कल्पनेला शत्रू कमी नव्हते. उर्दू घेऊन शिकलेल्या वाचकाला डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' आठवत असेल. १८७० च्या दशकातली ही कादंबरी. पटकीतून वाचलेला नसूह सुधारतो आणि घर सुधारायला निघतो. त्या सुधारणेच्या भरात थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळली जातात. बी.एड.च्या वर्गात आम्हाला ही कादंबरी चारित्र्यघडणीचा नमुना म्हणून सांगितली गेली. जळलेल्या पुस्तकांविषयी कुणी काही बोलले नाही. मराठीत प्रबोधनाने अद्भुताला पंगतीबाहेर बसवले, उर्दूत इस्लाहने त्याला चुलीत घातले. दोघेही सुधारकच. अजूनही आमच्या मोहल्ल्यात जिन्न-परीची गोष्ट वाचणाऱ्या मुलाला 'खुराफात' हा शब्द ऐकावा लागतो. आणि तोच शब्द वापरणारे बुजुर्ग तरुणपणी इब्ने सफीची नवी कादंबरी भाड्याने आणून एका रात्रीत संपवत होते, हेही सगळ्यांना ठाऊक असते.

जाळूनही काय काय उरले ते पाहा. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने दास्ताने अमीर हमजाचे ४६ खंड छापले. त्यातला 'तिलिस्मे होशरुबा' मुहंमद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांनी लिहिला. त्याचा पहिला खंड १८८३ चा. एक हिंदू छापखानदार, मुसलमान दास्तानगो, आणि सगळा हिंदुस्थान वाचक. 'विज्ञान' नव्हते त्यात, पण नियम होते. तिलिस्म कसेही तुटत नाही, त्याची किल्ली शोधावी लागते. अम्र अय्यारच्या जंबीलमध्ये, त्या झोळीत, शहरेच्या शहरे मावतात. आजच्या मुलाला ही झोळी समजावून सांगावी लागत नाही. १९२८ मध्ये दिल्लीचे मीर बाकर अली गेले आणि दास्तान सांगणारा शेवटचा माणूस गेला असे लोक म्हणाले. मग शम्सुर्रहमान फारुकींनी ते विखुरलेले खंड एकेक करून जमवले, त्यांवर ग्रंथ लिहिला, आणि २००५ पासून दास्तानगोई पुन्हा मंचावर आली. एका समीक्षकाने हट्टाने पुस्तके गोळा केली म्हणून ही परंपरा पुन्हा उभी राहिली. समीक्षेचा इतका रोकडा उपयोग आम्ही दुसरा पाहिलेला नाही.

इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादेहून सुरू झाली. ते स्वतः पुढे कराचीला गेले, पण पुस्तके दोन्हीकडे निघत राहिली. खानसाहेबांची गाडी अमृतसरला अडली, इमरान आणि फरीदी मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना फिरत राहिले. त्यात फौलादमी नावाचा यंत्रमानव आहे, झीरोलँड नावाची जगावर राज्य करू पाहणारी गुप्त संघटना आहे. कुर्रतुलऐन हैदर यांची 'रोशनी की रफ्तार' ही कथा घ्या. भारतातली एक ख्रिस्ती शास्त्रज्ञ बाई काळाच्या उलट्या प्रवासाला निघून प्राचीन मिसरमध्ये पोहोचते. मोठ्या लेखिकेची ही खरीखुरी विज्ञानकथा, पण आमच्या पाहण्यातल्या मराठी संग्रहांत ती नाही.

आणि बेगम रुकय्या. १९०५ मध्ये मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये तिची 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा आली. लेखिकेचे वय पंचविशीच्या आसपास, घरात पर्दा. तिच्या त्या नगरीत पुरुष मर्दान्यात कोंडलेले आहेत आणि बायका कारभार पाहतात. एका विद्यापीठाच्या बायका ढगांतून पाणी उतरवून घेतात, दुसऱ्या विद्यापीठाच्या बायका सूर्याची उष्णता साठवतात. स्वयंपाकघरात धूर नाही, कोळसा नाही, काजळी नाही. आम्ही ही कथा एकलहऱ्यात वाचतो, जिथे १९७० पासून कोळसा जाळून वीज होते आणि वाऱ्याची दिशा फिरली की वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसते. सव्वाशे वर्षांपूर्वीची पर्द्यातली बाई सौरऊर्जेची गोष्ट सांगते आणि 'मुस्लिम जीवन कुठे आहे' म्हणून विचारणाऱ्याला मर्दान्याची एक कोपरखळीही देऊन ठेवते. मागितलेला स्त्रीप्रश्न त्यात पुरेपूर आहे; फक्त तो मागून मिळालेला नाही.

मराठीलाही हे परके नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणल्या, इंग्रजीच्या वाटेने का होईना, आणि मराठी वाचकांच्या कितीतरी पिढ्या त्यांवर वाढल्या. अल्लाउद्दिन आणि सिंदबाद मराठी घरात आजीच्या तोंडी गेले. एवढे सगळे आत आलेले असताना मराठी विज्ञानकथेने आपली वंशावळ लिहिताना ज्यूल व्हर्नपासून सुरुवात करावी, याचे आम्हाला राहून राहून आश्चर्य वाटते.

मालेगावने तर पुस्तकाची वाटही पाहिली नाही. नासिर शेख यांनी तिथे 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. त्या खटाटोपावर २००८ मध्ये फैजा अहमद खान यांचा माहितीपट आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रीमा कागतींचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पडद्यावर आला. यंत्रमागावर काम करणारा एक काटकुळा माणूस सुपरमॅन होतो. हिंदी सिनेमाने त्यांची जिद्द पाहिली, मैत्री पाहिली, आणि डोळे पुसले. त्यांची कल्पनाशक्ती ही साहित्यिक घटना आहे, हे कुणी म्हटले नाही. विनोदी नक्कल म्हणून ती सोडून दिली. नक्कल म्हणाल तर गायतोंड्यांच्या जगाची कल्पनाही परदेशी विज्ञानकथेत आधी होऊन गेली होती. तिला कुणी नक्कल म्हणत नाही आणि म्हणूही नये.

मग लहान प्रकाशनाने करावे काय? नाशिकरोडला 'प्रेस' म्हटले की लोकांना नोटा आणि मुद्रांक छापणारी सरकारी प्रेसच आठवते, त्यामुळे आम्हाला नमुना शोधायला लांब, चेन्नईला जावे लागले. ब्लाफ्ट नावाचे तिथले एक छोटे प्रकाशन. २००८ मध्ये त्यांनी तमिळ पल्प कथांचा इंग्रजी संग्रह काढला. बसस्टँडवर विकल्या जाणाऱ्या, समीक्षकांनी हातही न लावलेल्या कथा प्रीतम चक्रवर्तींकडून अनुवाद करून घेतल्या. मग इब्ने सफींच्या चार कादंबऱ्या फारुकींच्या अनुवादात काढल्या. म्हणजे दास्तानचा पंडित जासूसी कादंबरीचा अनुवादक झाला. आपल्याकडचा कोणता ज्येष्ठ समीक्षक बाबूराव अर्नाळकरांचा अनुवाद करायला बसेल, सांगा. आणि २०२४ मध्ये त्यांनी जातिविरोधी विज्ञान-अद्भुत कथांचा संग्रह सिद्ध केला. ज्यांच्याकडून फक्त आत्मकथन मागितले जात होते, त्यांच्याकडे भविष्य मागितले.

या शेवटच्या पुस्तकाची वार्ता ऐकून आम्हाला आनंद झाला आणि खंतही वाटली. असा संग्रह व्हायला हवा होता तो मराठीत. बाबासाहेबांची चळवळ, दलित साहित्याचा एवढा मोठा वारसा, विज्ञानकथेची पन्नास वर्षांची स्पर्धा, हे तिन्ही एका भाषेत असताना तो चेन्नईहून इंग्रजीत निघावा? इंग्रजीतल्या अशा संग्रहांविषयी आमची एक तक्रारही आहे. ते वाचणारा वर्ग ठरलेला आहे. एकलहऱ्याच्या वसाहतीतला कामगार किंवा मालेगावचा मागवाला तो नाही. पण पद्धत घेण्यासारखी आहे. ब्लाफ्टने लेखकांना विषय वाटून दिले नाहीत, आधी वाचक काय वाचतात ते पाहिले. पल्पला पल्प म्हणून उचलले, त्याची सुधारणा करून नाही.

मराठीत असा संग्रह करायचा तर अडचणी कोणत्या, हे आम्ही एका परिचित छापखानदाराबरोबर बसून पाहिले. उर्दू मजकूर इनपेजमध्ये असतो, मराठी श्रीलिपीत किंवा युनिकोडमध्ये. एकातून दुसऱ्यात काही आपोआप येत नाही, हाताने लिप्यंतर करणारा माणूस लागतो. असा दोन्ही लिप्या जाणणारा माणूस म्हणजे बहुधा उर्दू शाळेतला मराठीचा शिक्षक. हयात लेखकांची आणि वारसांची लेखी परवानगी लागते. रुकय्या १९३२ मध्ये वारल्या, त्यामुळे तिथे अडत नाही, पण हैदर आणि इब्ने सफींच्या बाबतीत अडते. आवृत्ती पाचशेची की हजाराची, विक्रेत्याचे कमिशन गेल्यावर हातात काय, ग्रंथालयांच्या यादीत नाव लागले नाही तर गठ्ठे कुणाच्या माळ्यावर, हे प्रश्न सगळ्याच लहान प्रकाशकांचे. त्यात आमचे वेगळे काही नाही.

वेगळा आहे तो तळटिपांचा प्रश्न. अनुवादित मजकुरात 'अय्यार', 'जंबील', 'तिलिस्म' आले की संपादक तारा लावतो आणि पानाखाली अर्थ देतो. आमचे मत तारा नकोत. गायतोंड्यांच्या गोष्टीत क्वांटम सिद्धांत येतो तेव्हा एक मित्र गोष्टीतच तो समजावून सांगतो. वाचकाला खाली बघावे लागत नाही. होशरुबाचा राजा अफरासियाब आला तर गोष्टीनेच सांगावे की हा कोण. आणि 'खाला', 'फजर', 'दस्तरखान' या शब्दांना तारा लावणे तर मराठी वाचकाचा अपमान आहे. महाराष्ट्रात शेजारी राहून त्याला एवढे कळत नसेल, असे आम्ही मानत नाही.

संग्रहात काय घ्यावे, याची आमची यादी तयार आहे. होशरुबातले एक प्रकरण, रुकय्याची कथा, हैदरांची कथा, धारपांची एक, मतकरींची एक, 'गंगाधरपंतांचे पानिपत', आणि त्याच्या लगेच पुढे कुणीतरी नव्याने लिहिलेली गारदीची गोष्ट. ही शेवटची अजून कुणी लिहिलेली नाही. मालेगावच्या त्या तरुणाला आम्ही विचारले आहे. तो म्हणाला, तोफखान्याची माहिती हवी, तोफ कशी ओततात ते हवे. पुस्तके पाठवली आहेत.

मागच्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही निबंधाऐवजी 'जर-तरची गोष्ट' लिहायला सांगितली होती. चाळीस मुलांपैकी बहुतेकांनी क्रिकेट आणि लॉटरी लिहिली. एका मुलाने लिहिले की थर्मल बंद पडून शंभर वर्षे झाली आहेत, चिमण्या तशाच उभ्या आहेत आणि सगळ्यात उंच चिमणीच्या आत एक जिन्न राहतो. तो पूर्वी कोळसा होता. गावातले लोक त्याच्याकडे वीज मागायला जात नाहीत, ती त्यांच्याकडे सूर्यापासून आहे. ते त्याला जुन्या गोष्टी विचारायला जातात. त्यात टोपी नाही, अजान एकदा येते, तीही वेळ सांगण्यापुरती. गोष्ट उर्दूत आहे, शुद्धलेखन यथातथाच. यादीत ती शेवटून दुसरी ठेवली आहे. मराठी करताना एकाच वाक्यापाशी अडलो आहोत. मुलगा जिन्नाला 'आप' म्हणतो आणि जिन्न मुलालाही 'आप' म्हणतो. मराठीत मोठ्याने लहानाला 'तुम्ही' म्हटले की रुसल्यासारखे वाटते आणि 'तू' म्हटले की त्या मुलाने केलेला जिन्न राहत नाही.